लहान तुंब्याची सतार

सतार येण्याआधी आमच्या घरात वाजणाऱ्या वस्तू तीनच होत्या : विहिरीवरची मोट, देवापुढची घंटा आणि गंगूआत्या. मोट पहाटेला सुरू व्हायची. चाक करकरायचं, बा बैलांना हाका घालायचा, पाणी धो-धो करत पाटात पडायचं आणि त्या आवाजातच आम्ही उठायचो. घंटेला फारसं काम नव्हतं. आत्याला मात्र दिवसभर होतं. आमचा मळा अमरावतीपासून भातकुलीच्या रस्त्याला कोसभर आत. वांगी, भेंडी, दोडके, मेथी आणि विहिरीच्या कडेला शेवंती, झेंडू अन् मोगरा. भाजी पहाटे बैलगाडीतून बाजारात जायची आणि फुलं मी शाळेला जाताना गावात चार-पाच घरी पोचती करायचे. घरात माय, बा, मी आणि आत्या. आत्या बाची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत परत आली ती कायमची, आणि आल्या दिवसापासून मळ्यातलं सगळं बियाणं तिच्या ताब्यात गेलं. कोणतं दोडकं बियासाठी वेलावर ठेवायचं, कोणत्या वांग्याचं बी कधी धुवायचं, हे बालाही तिला विचारावं लागे. ते बी ती तुंब्यांत भरून ठेवायची. तुंबा म्हणजे कडू भोपळा, खायच्या कामाचा नाही. पिकून वाळला की आतून पोकळ होतो. तोंड शेणमातीनं लिंपून हे तुंबे चुलीवरच्या आढ्याला ओळीनं टांगलेले असत. खालून धूर लागत राही आणि बियाला कीड लागत नसे. भाकरी थापणारी माय खाली आणि काळे कुळकुळीत तुंबे वर, हेच आमचं स्वयंपाकघर.

फुलांच्या घरांपैकी शेवटचं घर कुमुदबाईंचं, अमरावतीच्या आंबापेठेत. त्या मुलींना सतार शिकवायच्या. फुलांचा पुडा ओसरीवर ठेवून लगेच निघायचं असे, पण मी दाराशी रेंगाळायचे आणि शाळेत उशीर होऊन रोज छडी खायचे. एके दिवशी त्यांनी मला आत बोलावलं, माझा डावा हात उलटा करून पाहिला आणि बोटांची टोकं दाबली. भेंडी तोडून तोडून ती निबर झालेली होती. "तार दाबली की माझ्या मुली पहिले सहा महिने रडतात," त्या म्हणाल्या. "तुझे सहा महिने वाचले. शिकायचंय?" मी मान हलवली. पुढचं बोलायला त्यांनी बाला बोलावून घेतलं.

बा ओसरीच्या कडेला पागोटं सावरत बसला. कुमुदबाईंचं बोलणं मोजकं. "किसनराव, फी नको. फुलं येतात तेवढं पुरे. पण घरी बसायला तिची स्वतःची सतार हवी. आणि एक नीट ऐका. मोठ्या माणसाची आणू नका. उजवा हात भोपळ्यावर टेकला की बोट तारेवर पडलं पाहिजे आणि डावा हात खांदा न उचलता पहिल्या पडद्यापर्यंत गेला पाहिजे. मापाबाहेरच्या सतारीवर लागलेली सवय पुढं मोडत नाही. तशी सतार घेऊन आली तर मी तिला बसवणार नाही. मी एका वेळी चार मुली घेते. चौथी जागा दसऱ्यापर्यंत हिची. नंतर वकिलांच्या मुलीला दिली."

आता लोक माझ्याकडे याच कामासाठी, वाद्याचं माप ठरवायला, येतात. गेल्या महिन्यात शेजारच्या सूनबाई नऊ वर्षांच्या मुलासाठी गिटार घ्यायची म्हणून आल्या. दुकानदारानं मोठी घ्या, चार वर्षं चालेल असं सांगितलं होतं. मी शिवणाची टेप काढली, पोराला खुर्चीवर बसवलं, हात मोजला आणि पाऊण मापाची लिहून दिली. "पण दोन वर्षांत लहान होईल ना?" त्या म्हणाल्या. "होऊ द्या," मी म्हटलं. चपला घेताना आपण हा विचार करत नाही.

बानं मात्र तेव्हा तो केला. कुमुदबाईंकडून घरी आल्यावर आत्यानं भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "वकिलाच्या पोरी बाजा वाजवतेत, माळ्याच्या पोरी वांगे तोडतेत. हे आपली कोणत्या घरची हाये?"

"शिकू दे ना, आक्का," बा म्हणाला. "वांगे कुठं पळून चालले?"

"वांगे नाही पळत. वखत पळते."

 मायनं माझ्या ताटात ठेच्यावर तेलाची धार जरा जास्त सोडली, तेव्हा ती कोणाच्या बाजूनं आहे ते मला कळलं.

पोळा झाल्यावर बा आणि मी अकोल्याला गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलायची, हे मला आदल्या दिवसापासून पाठ होतं. सतारी करणाऱ्या उस्मानमियाँचं दुकान बाळापूरच्या रस्त्याला होतं. एक खोली, पुढं ओटा, आत भिंतीवर सतारी टांगलेल्या, खाली लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. म्हातारा अंगानं वाळका, डोळ्यांनी तिखट. त्यानं मला एकदा वरून खाली पाहिलं आणि कोपऱ्यातली एक लहान सतार काढली. पिवळसर रंगाची, बुटकी, तुंबा माझ्या डोक्याएवढा. मी मांडी घालून बसले. हात टेकला आणि बोट तारेवर पडलं. डावा हात दांडीवरून वर सरकला, पार शेवटपर्यंत. मला वाटलं, झालं काम.

बानं ती सतार माझ्या मांडीवरून उचलली. तारांकडे त्यानं पाहिलंही नाही. पालथी केली, तुंब्यावर बोटाचं पेर वाजवलं, कानाशी नेली, हातात तोलली आणि परत ठेवली. "हा कोवळ्यातच तोडला," तो म्हणाला. "वर्ष-दीड वर्षात आकसन आन् मंग तडकन. दुसरी दाखवा."

"भाऊ, तरकारी नही ले रहे तुम," उस्मानमियाँ म्हणाला. "बाजा ले रहे. बच्ची को देखो."

"पोरीले पाहूनच घेऊन रायलो. ते वाढन. कोवळा तुंबा वाढत नाही."

मग बानं भिंतीवरच्या सगळ्या सतारींचे तुंबे वाजवून पाहिले. बाजारात कलिंगडं पाहावीत तसे. त्याला मोठा, जड, खणखणीत तुंबा हवा होता आणि तो मिळाला. ती सतार माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा तुंब्याच्या वरून माझा उजवा हात पुढं येईना. काखेत बोचायला लागलं. डावा हात पहिल्या पडद्याला न्यायचा तर खांदा कानापर्यंत जात होता.

"पोचते का?" बानं विचारलं.

लहान सतार तो घेणार नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मोठी पुरत नाही म्हटलं असतं तर तो पागोटं उचलून सरळ स्टेशनावर गेला असता आणि पुन्हा अकोल्याला आला नसता. मी खांदा वर ओढला, ओठ आवळले आणि म्हणाले, "पोचते." उस्मानमियाँनं माझ्याकडे पाहिलं आणि सतार बांधायला घेतली. मला आजही त्याचा थोडा राग येतो. त्याच्याइतकं त्या खोलीत कोणाला कळत होतं?

घरी बा सगळ्यांना तुंबा वाजवून दाखवायचा. शेजारच्या मळ्यातले लोक येऊन वाजवून गेले. तारा कोणी छेडल्या नाहीत. मी रोज सतार घेऊन बसायचे आणि रोज हात अवघडायचा. वाटलं, उंची वाढेल. दाराच्या चौकटीला कोळशानं खूण केली. तीन आठवड्यांत खूण होती तिथंच राहिली आणि दसरा मात्र जवळ आला. कुमुदबाईंना मी फुलं देत होते. "आणली का सतार?" त्या विचारायच्या. "आणली," मी सांगायचे आणि पळायचे. त्यांनी ती सतार माझ्या मांडीवर पाहिली की सगळं संपणार, हे मला माहीत होतं. जेवण जाईना. माय म्हणे, पोरीच्या पोटात जंत झाले. तिनं मला आठ दिवस वावडिंगाचा काढा पाजला.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस हटेना. कपडे वाळेनात, साठवणीच्या गव्हात सोंडे, म्हणजे सोंडकिडे, झाले. अशात एक दिवस मी शाळेतून आले तर खाटेवरची सतार जागेवर नव्हती. माय म्हणाली, आत्यानं कुठं तरी जपून ठेवली. मला तर ती दिसली नाही तेच बरं होतं, म्हणून मी विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी बानं पाहुण्यांना दाखवायला सतार मागितली. आत्या स्वयंपाकघरात गेली, पाटावर चढली आणि आढ्याला टांगलेल्या तुंब्यांच्या ओळीमागून तिनं दांडी धरून सतार खाली ओढली. दांडी तिच्या हातात आली. तुंबा दोरीच्या शिंक्यात वरच राहिला आणि मध्ये सैल पडलेल्या तारा लोंबायला लागल्या.

पाहुणे चहा न घेता गेले. त्यानंतर माय बोलली. मायला आत्यापुढं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "झालं ना तुमच्या मनासारखं? पहिल्या दिवसापासून डोळ्यात सलत होती तुमच्या."

"माह्या मनासारखं?" आत्या दांडी हातात घेऊन उभी. "गव्हाले सोंडे लागले तुले दिसले नाही? तुंब्याले लागाले किती वेळ? माह्या एका तुंब्याले आजवर कीड नाही लागली. तुंबा चुलीवर नाही टांगाव तं कुठं टांगाव, तूच सांग!"

  तोवर मलाही वाटलं होतं की तिनं मुद्दाम केलं. पण आत्या पाटावर चढून दांडीचं टोक शिंक्यातल्या तुंब्याला परत बसतं का ते पाहायला लागली. तिनं ती सतार घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी ठेवली होती. घरात तिच्या मते याहून सुरक्षित जागा नव्हतीच. धुरानं आणि उबेनं दांडी चिकटवून ठेवणारा सरस सुटेल, हे माळ्याच्या घरात कोणाला ठाऊक असणार?

बा रागावला नाही. तुंबा उतरवून त्यानं वाजवला, ठेवला आणि म्हणाला, "मी काई आता पुन्हा अकोल्याले जात नाही." खरं सांगते, मला पहिल्या क्षणाला हलकं वाटलं. ती सतार मोडली होती. दुसऱ्या क्षणाला कळलं की आता सतारच नाही आणि दसऱ्याला बारा दिवस आहेत. मग मी रडले.

"रडू नको," आत्या म्हणाली. "मी तोडली, मी जोडून आणतो. परवा माह्यासंग चाल."

आत्या उभ्या जन्मात दोनदा आगगाडीत बसली होती. दांडी तिनं गोधडीत गुंडाळून माझ्या खांद्यावर दिली आणि तुंबा टोपलीत घालून स्वतःच्या डोक्यावर घेतला. बडनेऱ्याला फलाटावर एका बाईनं विचारलं, "तुंबा विकाले नेता का, मावशी?"

"नाही," आत्या म्हणाली. "दवाखान्यात नेतो."

उस्मानमियाँनं ओट्यावर दोन्ही तुकडे मांडले आणि चष्मा लावला. "किसने किया?"

"मी. चुलीवर टांगली होती."

"चूल पे?" म्हातारा चष्म्यावरून पाहायला लागला. "सतार को चूल पे?"

"सतारीले नाही, तुंब्याले," आत्या म्हणाली. "दांडी त्याच्यासंग होती म्हणून गेली."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. तुंबा आतून-बाहेरून चाचपून म्हणाला, "तुंबा साबूत हय. सरस छूट गया, बस. चार दिन में जोड देता." मग तो माझ्याकडे वळला. "लेकिन बच्ची, अब सच बोल. उस दिन हाथ पहुँचा था?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या माझ्याकडे पाहत होती. मी नाही म्हणून मान हलवली.

"काय?" आत्या म्हणाली. "मंग बापाले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं आणलीच नसती."

"आन् कुमुदबाईनं तुले हाकलून देल्लं असतं, तवा काय करणार होती?"

 म्हाताऱ्यानं कोपऱ्यातली लहान सतार काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि आत्याला म्हणाला, "देखो." आत्यानं पाहिलं. माझा हात कुठं टेकतो, खांदा कुठं राहतो, सगळं पाहिलं. मग तीच अडचण. "किसन म्हणते हा तुंबा कोवळा हाये. मी हे घरी नेली आन् वर्षानं तडकली तं पुन्हा माह्यावर येइन." सतार उलटी करून तिनं तुंबा वाजवला. आवाज हलकाच होता. वरून पॉलिश असल्यामुळं नख लावूनही काही कळेना.  

"याचं बी कुठं हाये?" तिनं एकदम विचारलं.

"बी?"

"तुंबा आतून कोरला तवा बी निघालं असन ना. फेकलं?"

उस्मानमियाँ उठला. हे लहान तुंबे त्याचा साडू बाळापूरला नदीच्या काठी लावायचा आणि बी परत मागायचा, म्हणून तो ते फेकत नसे. आतल्या खोलीतून त्यानं याच तुंब्याच्या बियांची फडक्यातली पुरचुंडी आणली. आत्यानं चिमूटभर बी तळहातावर घेतलं, उजेडाकडे धरलं, बोटानं उलटंपालटं केलं. एक दाताखाली फोडलं, आतला गर जिभेवर घेतला आणि रस्त्यावर थुंकली. "कडू जहर," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावरचा सगळा ताण उतरला. "भरलेलं हाये. कोवळ्या तुंब्याचं बी पोचट निघते, आत गर नसते. हा वेलावर पुरा पिकला. जातच लहान हाये याची. किसनले मोठीच जात ठाऊक, त्यानं आवाजावर नेलं."

"मैं बोला था, बच्ची को देखो," उस्मानमियाँ म्हणाला.

"बोलले, पण बी नाही दाखवलं."

मोठी सतार मोडलेली आणि लहान तिच्याहून स्वस्त. मोठी ठेवून घेऊन त्यानं लहान दिली आणि विषय संपला. आत्यानं त्या पुरचुंडीतलं चिमूटभर बी मागून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

घरी बानं लहान सतार पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. आत्या त्याच्यापुढं बी ठेवून बसली. बानं एक फोडलं, दुसरं फोडलं. त्याला आत्यानं शिकवलेलंच होतं सगळं, त्याला सांगायची गरज नव्हती. "दुकानात अंधार होता," तो म्हणाला.

"होता तं," आत्या म्हणाली. भाऊ चुकला की ती असंच बोलायची. मला वाटतं तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं, पण आमच्याकडे ते कोणी तोंडानं म्हणत नसे, आणि मीही कधी म्हटलं नाही.

त्या रात्री मी चार भाकरी खाल्ल्या. मायनं वावडिंगाची पुडी उचलून ठेवली.

दसऱ्याला बा मला आंबापेठेत घेऊन गेला. तिथं आणखी तीन मुली होत्या, नवी लुगडी नेसलेल्या. बा बाहेर ओसरीवर थांबला. कुमुदबाईंनी माझी सतार हातात घेतली, तारा लावल्या, पूजा केली आणि मला पाटावर बसवलं. उजवा हात टेकवून पाहिला. डावा हात दांडीवरून हळूहळू वर नेला, पहिल्या पडद्यावर थांबवला आणि माझ्या खांद्यावर आपला तळहात ठेवून तो उचलतो का ते पाहिलं. नाही उचलला. "बसली," त्या म्हणाल्या. बाहेर बा खाकरला. म्हणजे ऐकत होता.

मग त्यांनी विचारलं, "कुठं अवघडतं?"

"कुठंच नाही," मी लगेच म्हणाले. सवयच लागली होती. त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. मी खाली पाहिलं. उजवा गुडघा तरंगत होता आणि पाठीत कळ येत होती. आता बोलले तर ही सतारही जाईल, असं मनात आलं. तरी म्हणाले, "पाठीत. थोडं."

"मग पाट उंच आहे," कुमुदबाई म्हणाल्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि दुसरा बुटका पाट घेऊन आल्या.